फोन मोकळा ठेव

तैपेई, ३ मार्च

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं. आई शेजारी बसून ऐकते, मग तिचं जेवण जातं आणि माझी झोप. शिवाय येते दोन आठवडे घरचा फोन जितका मोकळा राहील तितका बरा. म्हणून लिहितोय. नीट वाच.

पक्षाचा उमेदवार ठरवायची पाहणी १४, १५ आणि १६ मार्चला आहे, संध्याकाळी साडेसहा ते दहा. दरवेळसारखीच. दोन कंपन्या आपल्या मतदारसंघातल्या घरच्या फोनांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठलेही नंबर फिरवणार आणि विचारणार, कुओ साहेब की थू बाई? ज्याला जास्त घरं पसंती देतील त्याला तिकीट. आपल्या किनाऱ्यावर आपल्या पक्षाचं तिकीट मिळालं की पुढची निवडणूक नुसती सही करण्यापुरती, हे तुला सांगायला नको.

तेव्हा त्या तीन संध्याकाळी फोनवर कुणी गप्पा मारायच्या नाहीत. वाजला की दुसऱ्या घंटीला उचलायचा. ती बाई प्रश्न पूर्ण करेपर्यंत थांबायचं आणि मग म्हणायचं, "फक्त कुओ च्याशिन." दोघंही चांगले, बघू, विचार करू, असलं काही नाही. तसं म्हटलं की मत वाया जातं. कुओ साहेबांच्या कचेरीतून आलेली चिठ्ठी सोबत जोडली आहे, ती फोनच्या वर डकव.

का, ते लिहायची गरज नसावी. तीन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मोठ्या इस्पितळात महिनाभर खाट मिळणार नव्हती. साहेबांच्या कचेरीतून एक फोन गेला आणि दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली. बाबा गेले तेव्हा साहेब स्वतः आले. खासदार माणूस, बाबांच्या फोटोसमोर तीनदा कमरेतून वाकला. मांडवात टांगलेल्या शोकाच्या कापडांत पहिलं त्यांच्या नावाचं होतं. अशी माणसं विसरायची नसतात.

दुसरं असं की इथल्या गाववाल्यांच्या मंडळाचा मी चिटणीस आहे. श्याकांगमधल्या सत्तावीस घरांचा शब्द मी दिलाय, आणि त्यातलं पहिलं घर आपलं. माझं नाक कापू नकोस.

आईला मफलर पाठवतोय. तपकिरी आहे, मळला तरी दिसणार नाही.

तुझा,
वेनबिन


श्याकांग, ६ मार्च

वेनबिन,

मफलर पोचला. आई म्हणाली, मळ दिसू नये म्हणून तपकिरी घेणारा माझा मुलगा राजकारणात जाणारच होता.

चिठ्ठीही पोचली. गरम पाण्याच्या थर्मासाखाली ठेवली आहे, तो बुडाशी गळतो.

हे बघ, तुझ्या साहेबांचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. दुसऱ्या घंटीला नाही आणि बाविसाव्याही नाही. मी थू शूजेन म्हणणार. कोण ही थू, असं तू विचारशील. मंडळात बसून तुम्हाला गावातली माणसं कुठून माहीत असणार! शाळेत गणित शिकवायच्या त्या. आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात, आवाज फाटका आहे, भाषण करता येत नाही. पण मागच्या ऑगस्टमधल्या वादळात आपल्या घरात तीन दिवस खारं पाणी उभं होतं तेव्हा त्या रबरी बूट घालून पंपघरापर्यंत गेल्या. दारावर खडूने पाण्याच्या रेघा मारल्या, वेळ लिहिली आणि फोटो काढले. तेव्हा तुझे साहेब दूरचित्रवाणीवर सांगत होते की निसर्गापुढे कुणाचं चालतं?

निसर्ग! आपलं गाव समुद्राच्या खाली खचलंय हे शेंबड्या पोराला माहीत आहे. म्हणून तर बांध आणि म्हणून तर पंप. पंप चालला की पाणी चार तासांत जातं. तो चाललाच नाही. चौकशीच्या कागदावर "यांत्रिक बिघाड" असं लिहून आलं, आणि ज्याने लिहिलं त्याला बढती मिळाली.

आणि ते तीनदा वाकणं. मी तिथेच उभी होते, मला विचार. दारात गाडी चालूच होती. आत आला, वाकला, वाकला, वाकला, मनगट बघितलं आणि गेला. त्या दिवशी त्याच्या यादीवर पाच मयतं होती. त्याच्या माणसाने बाबांचं नाव कागदावर बघून त्याच्या कानात सांगितलं. तू बाहेर गाड्या लावत होतास, म्हणून तुला दिसलं नाही.

आईचं मात्र तुझ्यासारखंच आहे. ती म्हणते, कुओ. का, ते विचारलं की कालवं फोडायला लागते. घरात फोन एक आणि तोंडं दोन. बघू कोण आधी पोचतं.

बाबांबद्दल मला बोलायला लावू नकोस.

बिल्येन


तैपेई, ८ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून कपाळ धरलं. छप्पन्न वर्षांची झालीस, जिभेला अजून लगाम नाही.

पाणी आपल्याकडे दर दोन वर्षांनी भरतं. आपण लहान असताना शाळेच्या बाकांवर बसून मासे पकडले आहेत. तेव्हा कुओ साहेब कुठे होते? पंप म्हणजे यंत्र. यंत्र बिघडतं. त्याचं खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडायचं आणि वर गणिताच्या बाईला तैपेईचं तख्त द्यायचं! उद्या आई पुन्हा पडली तर थू बाई काय करतील? खाटेचं क्षेत्रफळ काढतील?

पाच मयतं होती म्हणतेस. मग आपल्याकडे आला नसता तर चाललं असतं का? न आलेल्यांची यादी काढ, कितीतरी मोठी होईल. थू बाई आल्या होत्या का मांडवात?

आणि बाबांचं नाव मध्ये आणू नकोस. त्यांचं वय चौऱ्याऐंशी होतं, साखर होती, पायाला जखम झाली, ती चिघळली. मी इस्पितळात पोचलो तेव्हा ते बोलत नव्हते. डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते मी ऐकलं. त्यांच्या मरणावर कुणी मतं मागू नयेत. साहेबांनी नाही, तुझ्या बाईंनी नाही आणि तू तर नाहीच.

तू आईजवळ राहतेस, तिचं सगळं करतेस, हे मला कळतं. पण घराचा शब्द कुणी द्यायचा हेही ठरलेलं असतं. बाबांनंतर तो फोनही माझ्याच नावावर झालाय, हे विसरू नकोस.

पुढे वाढवत नाही.

वेनबिन


श्याकांग, ११ मार्च

वेनबिन,

थू बाई मांडवात आल्या होत्या. दोन दिवस मागच्या बाजूला बसून कागदाची फुलं दुमडत होत्या. कापडावर नाव नव्हतं म्हणून तुला दिसल्या नाहीत.

शब्दाचं म्हणशील तर उत्तम आहे. देवघरातल्या पितरांच्या नावांच्या पाटीवर तुझं नाव चढणार, माझं लग्न न झालेल्या मुलीचं चढणार नाही, हा आपला रिवाज मला पाठ आहे. फोनही तुझाच. वाजेल तेव्हा तैपेईहून येऊन उचल.

इकडची तयारी सांगते. आईने आपली पाटाची बैठक देवघराच्या टेबलाशी, थेट फोनखाली ओढली आहे. कालवांची टोपली इथे, शिंपांची तिथे, माझा जायचा रस्ताच बंद. काल बघते तर तिने नवीन वर्षाचा जांभळा सदरा इस्त्री करून ठेवलेला. म्हटलं, "आई, फोनवर सदरा दिसत नाही." म्हणाली, "मला दिसतो ना."

शेवटी आमचा करार झाला. फोन वाजेल तेव्हा जी हात धुऊन मोकळी असेल तिने उचलायचा, दुसरीने मध्ये ओरडायचं नाही. म्हातारीने लगेच हात धुतले आणि पुसून मांडीवर ठेवले. चौदा तारखेला अजून तीन दिवस आहेत!

बिल्येन


श्याकांग, १५ मार्च, तातडीची डाक

वेनबिन,

काल संध्याकाळी सव्वासहाला आई जांभळा सदरा घालून फोनखाली बसली. मीही बसले. रताळ्याची पेज दुपारीच करून ठेवली होती. सात वाजले. पलीकडे आ-हाओच्या घरी फोन वाजला, तो भिंतीतून ऐकू आला. साडेसातला चौकातल्या न्हाव्याकडे वाजला. आमचा गप्प. मी रिसीव्हर उचलून कानाला लावला, आतला सूर चालू होता, म्हणजे फोन जिवंत होता. आई म्हणाली, "तू सारखी उचलतेस म्हणून येत नाही."

आठ वाजता मला राहवलं नाही. म्हटलं, घंटी बिघडली असेल. आ-हाओच्या बायकोकडे गेले आणि तिच्या फोनवरून आपल्या घरचा नंबर फिरवला. खिडकीतून मला आई दिसत होती. ती हललीसुद्धा नाही. आणि माझ्या कानात एक पुरुष धापा टाकत म्हणाला, "हो, श्याकांगमधूनच बोलतोय, घरीच आहे, वय बावन्न, फक्त कुओ च्याशिन! फक्त कुओ च्याशिन!"

मागे बसचा आवाज येत होता. पुढच्या थांब्याचं नाव पुकारलं, तेही मी ऐकलं.

ती मी होते, वेनबिन. तू दोनदा "हॅलो" म्हणालास, आणि मी तुझी बहीण, शेजारणीच्या स्वयंपाकघरात चप्पल हातात घेऊन उभी होते. मी रिसीव्हर ठेवून दिला. आ-हाओच्या बायकोने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, चुकीचा नंबर. तुझी लाज मी झाकली, याची मला आता लाज वाटते.

फोन तुझ्या नावावर, म्हणून तू तो उचलून खिशात घातलास! घरचा येणारा फोन तैपेईच्या मोबाइलवर वळवलास. आणि इथे एक्क्याऐंशी वर्षांची बाई तुझ्याच उमेदवाराचं नाव घ्यायला इस्त्रीचा सदरा घालून मुक्या यंत्रासमोर बसली. ती कुओच म्हणणार होती, मूर्खा! तुला माझीच भीती होती ना? मग माझ्याशी भांडायचं होतंस. आईच्या तोंडातून शब्द का काढून घेतलास?

घराचा शब्द तू देणार म्हणतोस, मग घरात काय झालं ते ऐक. मी हे सांगणार नव्हते. आईने मला शपथ घातली होती. ती मी आज मोडते.

वादळाचा दुसरा दिवस, भर दुपार. घरात मांडीपर्यंत पाणी. आम्ही तिघं विटांवर चढवलेल्या पलंगावर बसलो होतो. देवघराचं टेबल डुगडुगायला लागलं आणि पितरांची पाटी कलली. आई ओरडली, "पितर भिजतायत आणि तुम्ही बघत काय बसलात! उतरा!" मी म्हटलं, मी जाते. आई म्हणाली, "तुझे हात नको लागायला, पाटी पुरुषाने उचलायची असते." बाबा उतरले. मीही मागोमाग उतरलेच. अंगणातल्या शिंपांचे ढीग पाण्याने घरभर पसरले होते आणि त्या गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. त्यांनी पाटी उचलून छातीशी धरली आणि तेवढ्यात कालवाच्या शिंपेने त्यांची टाच कापली. हसले. तांदळाची दारू ओतली जखमेवर, उरलेली प्यायले. आणखी एक दिवस आम्ही त्याच पाण्यात होतो. तिसऱ्या दिवशी पाय काळा पडला. नवव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी तुला साखर सांगितली. मला विचारलं होतं, "खाऱ्या पाण्यात किती वेळ उभे होते?"

तेव्हापासून आई रोज सकाळी उदबत्ती लावून त्यांची माफी मागते. तिला वाटतं, तिने मारलं. तुला कळलं तर तूही तसंच म्हणशील म्हणून शपथ. आणि कुओ का, तेही आता मला कळलंय. मांडवात तिला मान वर करता येत नव्हती. तिने मारलेल्या माणसापुढे एक मोठा माणूस तीनदा वाकला, तेवढाच तिला आधार.

आता पंपाचं. पंप बिघडला नव्हता. थू बाईंच्या फोटोत पंपघराच्या दाराला बाहेरून कुलूप आहे. किल्ली राखणदाराकडे होती. राखणदार म्हणजे कुओच्या बायकोचा मावसभाऊ, त्याला ती नोकरी कुओनेच लावून दिली. वादळाचा इशारा असताना तो दार लावून शहरात गेला, कुओच्या पुतण्याच्या लग्नाच्या पंगतीला. रस्ते बुडाले, तो चौथ्या दिवशी आला. कुलूप काढलं आणि पंप पहिल्या झटक्यात सुरू झाला. पाणी चार तासांत गेलं. तेव्हा बाबा तापाने फणफणले होते.

आता घे त्याचं नाव. दुसऱ्या घंटीला घे.

बिल्येन


तैपेई, १६ मार्च, तातडीची डाक

ताई,

तुझं पत्र सकाळी साडेनऊला कचेरीत मिळालं. जिन्यात उभा राहून वाचलं.

आधी जे केलं ते सांगतो. अकरा वाजता टेलिफोनच्या कार्यालयात जाऊन घरचा फोन परत घरी लावला. तिथल्या बाईने विचारलं, आजचा शेवटचा दिवस ना पाहणीचा? तिला माहीत होतं. म्हणजे या आठवड्यात माझ्यासारखे तिच्याकडे बरेच आले असणार.

आता जे केलंय आणि परत घेता येत नाही ते. तुझा फोन आला त्याच्या आधी, परवाच सात वाजून दहा मिनिटांनी, पहिल्या कंपनीचा फोन मला आला होता. म्हणून तुझ्या वेळी दुसऱ्या कंपनीचा समजून मी तसा बरळलो. त्या पहिल्या फोनवरच्या मुलीने विचारलं, तुम्ही याच मतदारसंघात राहता का? मी हो म्हटलं. विचारलं, कुणाला? आणि मी नाव घेतलं. मोठ्याने. बसमधली माणसं वळून बघायला लागली. मला अभिमान वाटला, ताई.

आणखी आहे. आपलं एकटंच घर नाही. युक्ती साहेबांच्या कचेरीची, पण मंडळात ती शिकवली मी. कुणाचं गावचं घर बंद, कुणाचे आईबाप कानाने कमी ऐकतात, कुणाची भावजय ऐकत नाही. सगळ्यांचे अर्ज मी बसून भरून दिले. सत्तावीस फोन. श्याकांगची सत्तावीस घरं गेले दोन दिवस तैपेईच्या खिशांत वाजतायत. आज मी तिघांना फोन केला. दोघं हसले. तिसरा म्हणाला, वेनबिन, आता कच खाऊ नकोस.

बाबांचं तू मला सहा महिने सांगितलं नाहीस. मला राग आलाय. तुझ्यावर, आईवर, कुणावर ते समजत नाही. तू म्हणतेस मी आईला दोष दिला असता. मला ते खोडून काढावंसं वाटतं, पण आठ तारखेचं माझं पत्र माझ्यासमोर येतं आणि मग लिहिवत नाही.

त्या पुतण्याच्या लग्नाचं बोलावणं मलाही होतं. वादळामुळे गाडी रद्द झाली म्हणून गेलो नाही. नाहीतर मी त्या राखणदाराच्या शेजारी बसून जेवलो असतो.

वेनबिन


श्याकांग, १९ मार्च

वेनबिन,

तुझं पत्र सतराला आलं, पण फोन आदल्या दिवशीच वाजला होता. म्हणजे तू खरोखर गेला होतास. तेवढं तुझ्या नावावर मांडते.

सोळाची दुपार. मी ठरवलं की तुला सांगितलंय तर आईलाही सांगायचं. सदरा तिने घातलेलाच होता, तिसरा दिवस. मी समोर बसले आणि कुलूप, किल्ली, पंगत, सगळं सांगितलं. ती कालवं फोडत राहिली. मी मोजली नाहीत, पण टोपली अर्धी झाली. मग विचारलं, "म्हणजे पंप चांगला होता?"

"चांगला होता."

"नुसतं कुलूप?"

"नुसतं कुलूप."

मग पेजही जेवली.

सव्वाआठला फोन वाजला. करार कुठला, तिने ओल्या हातानेच झडप घातली. ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, मला बाजूला ऐकू येत होतं, "आजी, दोघांपैकी तुमची पसंती कुणाला? पहिले, कुओ च्याशिन. दुसऱ्या, थू शूजेन."

आई म्हणाली, "किल्ली कुठे होती?"

"आजी, पहिले की दुसऱ्या?"

"आधी किल्लीचं सांग. कुओला विचारून ये. मी थांबते."

"आजी, मला फक्त एक किंवा दोन लिहिता येतं हो."

"मग तुझा कागद लहान आहे, पोरी."

मी मध्येच ओरडले, "थू म्हण! आई, थू म्हण!" रिसीव्हर ओढायला गेले तर म्हातारीने कालवं फोडायची सुरी माझ्यावर उगारली. पलीकडून पोरीने "मत नाही, धन्यवाद" म्हणून फोन ठेवला. गेलं आपलं मत समुद्रात! मी तिला नको नको ते बोलले. हे सगळं करून शेवटी मत नाही! ती म्हणाली, "नाव घ्यायला सगळे सांगतात. विचारायला कुणी सांगत नाही."

सतराला निकाल लागला. कुओ अर्ध्या टक्क्याने जिंकला, हे तुलाही कळलं असेल. अर्धा टक्का, वेनबिन. सत्तावीस फोनांनी किती होतं त्याचा हिशोब मी थू बाईंना विचारला नाही. त्या गणिताच्या आहेत, सांगितला असता. मी तुझं पत्र त्यांना वाचायला दिलं. तुला विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हे त्याने स्वतः पक्षाकडे लिहून द्यायला हवं." एवढंच.

काल दुपारी कुओ गावात आभाराच्या ट्रकवर आला. ढोल, फटाक्यांच्या माळा, अंगावर नावाचा पट्टा. चौकात ट्रक थांबवून खाली उतरला आणि सगळ्यांचे हात दाबत सुटला. आई काठी घेऊन गेली, मी मागे. गर्दीने तिला वाट दिली. लोकांना वाटलं, म्हातारी आशीर्वाद द्यायला आली. त्यालाही तेच वाटलं. वाकून दोन्ही हात पुढे केले, "आजी, आभारी आहे, आभारी आहे."

आईने त्याचा हात धरला. पन्नास वर्षं शिंपा उघडणारा हात तो.

"किल्ली कुठे होती?"

तो हसत होता. "आजी, तब्येत कशी आहे?"

"पंपघराची किल्ली. माझा नवरा पाण्यात उभा होता तेव्हा कुठे होती?"

हात सोडवायला बघायला लागला. सुटेना. त्याच्या माणसाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुधा आपलं आडनाव. तो म्हणाला, "त्या दुःखात मी स्वतः आलो होतो, आजी, मला आठवतं."

"तू आलास. किल्ली नाही आली."

मग त्याच्या माणसांनी आईचं मनगट धरलं आणि तिथे आ-हाओ पुढे झाला. तो कालपर्यंत कुओवाला. म्हणाला, "म्हातारीला हात लावू नका, उत्तर द्या." न्हावी पुढे आला. बायका आल्या. ढोल आपोआप बंद पडले. आणि ज्यांच्याकडे फोन वाजलेच नव्हते ना, ती तुझ्या यादीतली घरं, ती माणसंही आली. सगळी विचारत होती. तो ट्रकवर चढला खरा, पण ट्रक चौकातून हलायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ त्याने उत्तर दिलं नाही. ते सगळ्यांनी बघितलं.

तिकीट त्याचंच आहे. उद्या निवडूनही येईल. मला माहीत आहे, तू लिहू नकोस.

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. "कुणावर ते समजत नाही" म्हणतोस, मला समजतं. पाच एप्रिलच्या सणाला थडगी साफ करायला येशील तेव्हा आधी पक्षाला पत्र टाकून ये, सत्तावीस नावांसकट. त्याची नक्कल मला दाखव. नाहीतर बाबांच्या थडग्यावरचं गवत मी आणि आई काढतो, तू तैपेईतच थांब.

हे लिहिताना आई शेजारी बसली आहे. आज सकाळी तिने उदबत्ती लावली, पण माफी मागितली नाही. म्हणते, माझंही एक वाक्य घाल, तसंच्या तसं.

"वेनबिन, त्यांना पाण्यात मी उतरवलं. पण पाणी मी भरलं नव्हतं."

बिल्येन